चुकीच्या कोडवर पार्सर कोसळतो तेव्हा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ, वर्धा, अमरावती या पट्ट्यातल्या गावांतून जी मुलं-मुली कंपायलरच्या (लिहिलेला कोड तपासून मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामच्या) कामात हात घालू पाहतात, त्यांच्यासाठी हे पान आहे. कुणी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मराठी शब्दांची छोटी भाषा बनवतं, कुणी क्लँग, जीसीसी (हे सी आणि सी++ चे कंपायलर) किंवा रस्ट या भाषेच्या कंपायलरमधला एखादा बग उचलतं. दोघांची अडचण एकाच जागी येते. कोड चुकीचा असला की कंपायलरने चूक सांगून थांबायला हवं, आणि तो स्वतःच पडतो. उदाहरणं अशाच एका छोट्या भाषेतली आहेत : फंक्शनला ‘काम’, रिटर्नला ‘परत’, इफला ‘जर’.

कोडच चुकीचा हाय, मंग कंपायलर पडला तर बिघडलं काय?

बरंच बिघडलं. पूर्ण बरोबर प्रोग्राम कंपायलरसमोर येतो तो सगळ्यात शेवटी. त्याआधी येतात ते कंस विसरलेले, अर्धवट टाइप केलेले, दुसरीकडून चिकटवलेले तुकडे. एडिटरमागे चालणारा क्लँगडीसारखा लँग्वेज सर्व्हर तर तुम्ही टाइप करत असतानाच कोड वाचत असतो. ‘जर (’ एवढं लिहून तुम्ही क्षणभर थांबलात, तरी त्याच्या हातात पडतो तो चुकीचाच प्रोग्राम. तिथे पार्सर, म्हणजे कोडची रचना वाचणारा कंपायलरचा भाग, कोसळला की एडिटरमधल्या सूचना, चुकांच्या लाल रेघा, सगळं एकदम गायब होतं.

आणि शिकणाऱ्याचं नुकसान सगळ्यात मोठं. ज्याला दहा वर्षांचा अनुभव आहे तो ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ (प्रोग्रामने नको त्या मेमरीला हात लावला) वाचून अंदाज बांधतो. आर्णी किंवा मूलसारख्या तालुक्याच्या गावात पहिल्या वर्षाला शिकणाऱ्या मुलीला घरात विचारायला कुणी नसतं. चौथ्या ओळीत कंस राहिला, हे तिला सांगणारा एकटा कंपायलरच असतो. तोच न बोलता पडला तर आपल्या हातून मशीनच बिघडलं असं तिला वाटतं, आणि ती लॅपटॉप मिटून टाकते. म्हणून हा बग मला किरकोळ वाटत नाही.

साधी एरर आली की कंपायलर खरंच क्रॅश झाला, हे ओळखायचं कसं?

साध्या एररमध्ये फाईल, ओळ आणि तुमची चूक असते. क्रॅशमध्ये कंपायलर स्वतःबद्दल बोलतो. जीसीसी ‘इंटर्नल कंपायलर एरर’ म्हणतं, रस्टचा कंपायलर ‘पॅनिक’ झाल्याचं सांगतो, आणि क्लँग बग कळवण्याची विनंती करून खाली स्टॅकची यादी (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं ती) देतो. आपल्या छोट्या कंपायलरला असं काही बोलता येत नाही, त्यामुळे तिथे एक्झिट कोड पाहा. लिनक्सच्या शेलमध्ये सिग्नलने (ऑपरेटिंग सिस्टीमच्या इशाऱ्याने) मेलेल्या प्रोग्रामचा कोड १२८ अधिक सिग्नलचा क्रमांक असा दिसतो. १३९ म्हणजे सेगमेंटेशन फॉल्ट, १३४ म्हणजे अबॉर्ट, बहुतेक वेळा असर्शन, म्हणजे ‘इथे हे खरं असणारच’ अशी कोडमध्ये लिहिलेली तपासणी, फेल झाल्यामुळे. रस्टमध्ये लिहिलेला प्रोग्राम मुख्य थ्रेडमध्ये पॅनिक झाला तर १०१ मिळतो.

जीसीसीची एक गोष्ट लक्षात असू द्या. एखादी एरर आधीच छापून झाली असेल आणि त्यानंतर कंपायलर आतून कोसळला, तर रिलीज बिल्ड (लोकांना वापरायला दिलेली आवृत्ती) क्रॅशचा संदेश न देता ‘कन्फ्यूज्ड बाय अर्लियर एरर्स, बेलिंग आउट’ एवढंच म्हणून बाहेर पडतं. म्हणजे चुकीच्या कोडवरचे किती तरी क्रॅश या एका ओळीखाली झाकले जातात. ही ओळ दिसली तर ‘आपलीच चूक’ म्हणून सोडून देऊ नका, आत बग आहे.

पार्सर पडतो म्हणजे आत नेमकं काय होतं?

कारणं थोडीच आहेत, फिरून फिरून तीच येतात. एका फंक्शनने चूक पाहून रिकामा पॉइंटर (‘नल’, कुठेच न नेणारा पत्ता) परत दिला आणि दुसऱ्याने तो भरलेला समजून वापरला. किंवा ‘इथे नाव असणारच’ असं असर्शन लिहिलं होतं आणि समोर कंस आला. किंवा फंक्शन स्वतःलाच बोलावत इतकं खोल गेलं की स्टॅक (फंक्शन कॉलसाठी राखलेली मेमरी) संपला. किंवा टोकन (कोडमधला एकेक शब्द किंवा चिन्ह) पुढे सरकलंच नाही आणि लूप मेमरी भरत बसला. किंवा फाईल संपल्यावरही वाचणं चालू राहिलं. यातलं पहिलं सगळ्यात जास्त वेळा सापडतं, म्हणून त्यावरच पुढे जास्त लिहिलं आहे.

माझी फाईल हजार ओळींची आहे. क्रॅश नेमका कशामुळे, हे शोधू कसं?

आधी फाईल लहान करा, मग डीबगर (प्रोग्राम थांबवून आत पाहायचं अवजार) उघडा. उलटं केलंत तर दिवस जातो.

ठिबकची लाईन कुठे फुटली हे शोधताना आपण अर्धी लाईन बंद करून पाहतो, तीच रीत. अर्धा कोड काढा. अजून पडतो? मग काढलेल्या अर्ध्याची गरज नव्हती. पडायचा थांबला? तो अर्धा परत आणा आणि दुसरा काढून पाहा. या रीतीला डेल्टा डीबगिंग म्हणतात. आंद्रेआस झेलर आणि राल्फ हिल्डेब्रांट यांचा त्यावरचा पेपर २००२ सालचा आहे. सी आणि सी++ साठी हेच काम आपोआप करणारं सी-रिड्यूस हे अवजार युटा विद्यापीठात जॉन रेगेर यांच्या गटाने बनवलं. पायथनमध्ये लिहिलेलं सी-वाइज हे त्याचंच पुढचं रूप.

या अवजारांना एक छोटी स्क्रिप्ट द्यावी लागते, जी प्रत्येक तुकड्यावर ‘बग अजून आहे की नाही’ ते सांगते. खरी मेख तिथे आहे. ‘कंपायलर पडला की हो म्हण’ एवढंच स्क्रिप्टमध्ये लिहिलंत, तर कोड कापता कापता अवजार भलत्याच क्रॅशवर जाऊन बसतं. चुकीच्या कोडवर कोसळणाऱ्या पार्सरमध्ये असे शेजारी-शेजारी बग पुष्कळ असतात. म्हणून स्क्रिप्टने असर्शनचा मजकूर किंवा पडलेल्या फंक्शनचं नावही तपासलं पाहिजे.

दुसरी काळजी : मूळ प्रोग्राम बरोबर होता आणि तरी कंपायलर पडत होता, तर लहान करताना तो चुकीचा होणार नाही हे बघा. बरोबर कोडवरचा क्रॅश आणि चुकीच्या कोडवरचा क्रॅश हे दोन वेगळे बग धरले जातात, आणि पहिल्याला जास्त प्राधान्य मिळतं.

एखादा क्रॅश शेवटपर्यंत सोडवून दाखवा ना.

हा घ्या. एका मुलाने पॅरामीटर लिहिता लिहिता अर्ध्यावर सोडलं होतं. कापून उरलं ते एवढं :

काम सरासरी(पहिला, {
    परत पहिला;
}

कंपायलरने छापलं फक्त ‘सेगमेंटेशन फॉल्ट’. जीडीबी या डीबगरमध्ये चालवून बॅकट्रेस (बोलावलेल्या फंक्शनांची उलटी माळ) घेतला तर सगळ्यात वरचं फंक्शन निघालं ‘नाव_नोंदव’, म्हणजे स्कोपमध्ये (त्या भागात माहीत असलेल्या नावांच्या यादीत) नाव टाकणारं. त्याखाली ‘वाच_शरीर’, त्याखाली ‘वाच_काम’. नाव_नोंदव मध्ये आलेला पॅरामीटर रिकामा होता, आणि त्याचं नाव वाचायला गेल्यावर पडझड झाली.

आता उलट चालत जा. रिकामा पॅरामीटर यादीत आला कुठून? यादी बनवणारं फंक्शन असं होतं :

यादी वाच_पॅरामीटर() {
    यादी सगळे;
    कर {
        सगळे.जोड(वाच_एक());
    } जोवर (असेल_तर_घे(','));
    हवाच(')');
    परत सगळे;
}

स्वल्पविरामानंतर ‘वाच_एक’ला नाव हवं होतं, मिळाला महिरपी कंस. त्याने इमानदारीने एरर नोंदवली आणि रिकामा पॉइंटर परत दिला. वरच्या फंक्शनने तो न पाहता यादीत जोडला. पुढे ‘हवाच’ने बंद कंस नसल्याची दुसरी एरर नोंदवली. मग ‘{’ दिसला म्हणून शरीर वाचायला सुरुवात झाली, शरीराच्या आधी सगळे पॅरामीटर स्कोपमध्ये टाकायचे असतात, आणि तिथे घात झाला.

म्हणजे दोन्ही एरर नोंदल्या गेल्या होत्या, फक्त मुलाला दिसल्या नाहीत. हा कंपायलर सगळ्या एरर साठवून शेवटी छापत होता, आणि शेवट आलाच नाही. एरर सापडली त्या क्षणी छापणं हा एकच बदल केला असता, तर बग राहूनही त्या मुलाला आपली चूक कळली असती. छोटा कंपायलर लिहिणाऱ्या प्रत्येकाने हा बदल आजच करावा.

मग नाव_नोंदव मध्ये ‘रिकामा असेल तर सोडून दे’ टाकलं. क्रॅश गेला. झालं ना?

क्रॅश गेला, बग तिथेच आहे. पॅरामीटरची यादी वाचणारं नाव_नोंदव एकटं नाही. टाइप तपासणारं फंक्शन वाचतं, कॉल तपासणारं वाचतं, उद्या कुणी एडिटरसाठी नावं सुचवणारा भाग लिहिला तर तोही वाचेल. त्या प्रत्येकाला ही तपासणी टाकायची म्हणाल, तर एक जण विसरणार हे ठरलेलं.

जिथे पडलं तिथे दुरुस्ती करायची, ही घाई सगळ्यांना होते. विचारायचा प्रश्न वेगळा आहे : कोणत्या फंक्शनने कोणता शब्द दिला होता, आणि तो कुठे मोडला? इथे ‘यादीत रिकामं काही नसेल’ हा शब्द ‘वाच_पॅरामीटर’चा होता. तो मोडला जोडण्याच्या ओळीवर. दुरुस्ती त्याच ओळीवर व्हायला हवी.

ती दोन तऱ्हांनी होते. रिकामं आलं तर जोडूच नका, ही सोपी तऱ्हा. पण मग ‘सरासरी’ एकाच पॅरामीटरची उरते, आणि खाली ती दोन आकडे देऊन बोलावली असेल तर ‘जास्त आकडे दिले’ अशी खोटी एरर येते. मुलाला वाटतं आपल्या दोन चुका आहेत. म्हणून मला दुसरी तऱ्हा बरी वाटते : रिकाम्याच्या जागी ‘चुकीचा पॅरामीटर’ अशी खूण असलेली खरीखुरी नोड (पार्सर कोडचं जे झाड बांधतो त्याची एक गाठ) जोडायची. संख्या बरोबर राहते, आणि ती खूण दिसली की पुढचे टप्पे त्यावर नवी तक्रार करत नाहीत.

मोठे कंपायलर हेच करतात. जीसीसीमध्ये यासाठी ‘एरर मार्क नोड’ आहे. क्लँगमध्ये डिक्लरेशनवर ‘इनव्हॅलिड’ची खूण लावतात, आणि एक्स्प्रेशन मोडलं तर त्याचे वाचता आलेले तुकडे ‘रिकव्हरी एक्स्प्र’ नावाच्या नोडमध्ये जपून ठेवतात. त्या कोडमध्ये पहिल्यांदा शिरलात तर आधी या खुणा कुठे लावल्या जातात आणि कुठे तपासल्या जातात ते शोधा. क्रॅश बहुतेक वेळा या दोहोंच्या मधल्या फटीत सापडतो.

नल चेक नेहमीच चुकीचा असतो का?

नाही. फंक्शनच्या करारातच ‘हे रिकामं असू शकतं’ असं लिहिलं असेल, जसं की ‘नाहीतर’चा भाग नसलेला ‘जर’, तर वापरणाऱ्याने तपासलंच पाहिजे.

आता पडत नाही, पण लटकतो. पंखा जोरात फिरतो, मेमरी भरते.

हा त्याच घरातला दुसरा बग. बहुतेक असा लूप सापडेल :

जोवर (टोकन != '}') {
    विधानं.जोड(वाच_विधान());
}

शरीरात सुटा ‘)’ पडला आहे. वाच_विधान म्हणतं, ‘)’ने विधान सुरू होत नाही, एरर. परत येतं, पण टोकन तिथेच. लूप पुन्हा विचारतो, पुन्हा तीच एरर, आणि यादी फुगत राहते. शेवटचा ‘}’ विसरला असेल तर फाईल संपल्यावरही हाच खेळ चालतो, कारण फाईल संपल्याचं टोकन कधी ‘}’ होत नाही.

दोन नियम पाळा. टोकन वाचणाऱ्या प्रत्येक लूपच्या अटीत ‘फाईल संपली’ हेही असलं पाहिजे. आणि फेरीच्या सुरुवातीला टोकनची जागा लिहून ठेवा. फेरी संपल्यावर जागा तीच असेल तर एक टोकन जबरदस्तीने पुढे न्या. मात्र फाईल संपल्याचं टोकन कधीही ओलांडू नका. ते ओलांडलं की पार्सर बफरच्या बाहेरची मेमरी वाचू लागतो आणि बग दर वेळी वेगळ्याच ठिकाणी दिसतो.

एरर आल्यावर किती टोकन सोडून द्यायची?

कंपायलर डिझाईनच्या पेपरात ‘पॅनिक मोड’ (ठरावीक चिन्ह येईपर्यंत टोकन सोडत जाणं) आणि ‘फॉलो सेट’ (एखाद्या भागानंतर येऊ शकणारी टोकन) पाठ केलेलं असतं, ते इथे कामाला येतं. विधानात चूक असेल तर ‘;’ किंवा ‘}’ पर्यंत, पॅरामीटरमध्ये असेल तर ‘,’ किंवा ‘)’ पर्यंत. पण सोडताना कंसांचा हिशेब ठेवा. मधे ‘(’ आला तर त्याच्या जोडीच्या ‘)’ पर्यंतचं सगळं एकत्र सोडायचं, नाहीतर आतल्या स्वल्पविरामाला बाहेरचा समजून पार्सर भलतीकडे उभा राहतो. नवं ‘काम’ दिसलं तर मात्र थांबाच. विसरलेल्या एका कंसापायी पुढचं अख्खं फंक्शन गिळलं तर त्यातल्या खऱ्या चुका कळत नाहीत.

क्लँगमध्ये हे काम ‘स्किप अंटिल’ नावाचं फंक्शन करतं.

कुणीतरी हजारो ‘(’ लिहिले आणि कंपायलर पडला. असा कोड लिहितं कोण?

हाताने कुणी लिहीत नाही. पण दुसऱ्या प्रोग्रामने तयार केलेला कोड असतो, फझर (मुद्दाम वेडावाकडा कोड देऊन पाहणारा प्रोग्राम) असतो, आणि एखादं बटण दाबलेलंच राहिलेला कीबोर्डही असतो. रिकर्सिव्ह डिसेंट पार्सरमध्ये (ज्यात फंक्शनं एकमेकांना बोलावत कोड वाचतात) प्रत्येक कंसाला काही फंक्शन कॉल लागतात, आणि लिनक्सवर मुख्य स्टॅकची नेहमीची मर्यादा ८ एमबी असते. तो संपला की तुमचं कोणतंही असर्शन कामी येत नाही, थेट सेगमेंटेशन फॉल्ट.

उपाय म्हणजे खोली मोजणारा काउंटर. क्लँग कंसांची खोली मुळात २५६ वर थांबवतं आणि समजेल अशी एरर देतं. कुणाला गरज असेल तर पर्याय देऊन ती वाढवता येते. काउंटर लावताना फक्त गोल कंसाच्या फंक्शनात लावू नका. ओळीने आलेले हजारो उणे, एकात एक महिरपी ब्लॉक, ‘नाहीतर जर, नाहीतर जर’ची लांबलचक माळ, या प्रत्येक वाटेने स्टॅक भरतो. पार्सर वाचला तरी ते झाड पुसणारं फंक्शनही रिकर्सिव्ह असतं, तेही तपासा.

मराठी अक्षरं आली की आमचा कंपायलर पडतो. इंग्रजीत ठीक चालतो. का?

आपल्या पोरांनी हा प्रश्न सोडवलाच पाहिजे, कारण इंग्रजीत काम करणाऱ्याला तो वर्षानुवर्षं दिसतही नाही.

यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. ‘कापूस’ डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात. आत क, काना, प, ऊकार, स अशी ५ चिन्हं आणि १५ बाइट आहेत. एररखाली बाण दाखवणारा कोड बाइट मोजत असेल तर बाण पार उजवीकडे जातो. ओळ कापताना तो एका चिन्हाच्या मधोमध कापत असेल, तर रस्टमध्ये तिथेच पॅनिक होतं, कारण रस्टची स्ट्रिंग चिन्हाच्या सीमेशिवाय कापू देत नाही. असा कंपायलर पार्सिंग नीट करतो आणि चूक सांगताना पडतो.

सी आणि सी++ मध्ये वेगळा सापळा आहे. आपल्या नेहमीच्या इंटेल-एएमडी लॅपटॉपवर साधा ‘कॅरेक्टर’ टाइप उणे किमतीही धरतो, आणि देवनागरीचा प्रत्येक बाइट १२७ च्या वरचा असल्याने उणे होतो. तो तसाच ‘इज-अल्फा’ला (हे अक्षर आहे का ते सांगणाऱ्या फंक्शनला) दिला तर काय होईल याची भाषा हमी देत नाही, कुठे खोटं उत्तर मिळतं, कुठे क्रॅश. आधी ‘अनसाइन्ड’मध्ये बदलून मगच द्या.

शिवाय न दिसणारी चिन्हं. ‘दुसर्‍या’ जुन्या पद्धतीने टाइप केलं की त्यात झिरो विड्थ जॉइनर बसतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून किंवा वर्डमधून कोड आला की साध्या अवतरणचिन्हाच्या जागी वळणदार चिन्ह येतं. त्यावर जुनं जीसीसी ‘स्ट्रे \३४२’ म्हणायचं, ते त्याच चिन्हाच्या पहिल्या बाइटचं ऑक्टल रूप. फाईल सेव्ह होत असताना लाईट गेली तर फाईलभर शून्य बाइटही सापडतात. लेक्सरने (कोडची टोकन पाडणाऱ्या भागाने) शून्य बाइटला ‘फाईल संपली’ समजू नये. जागा पाहून ठरवावं : बफरच्या शेवटी असेल तर संपली, मधे असेल तर ती एक चूक. आणि अनोळखी बाइट आला तर रिकामं टोकन न देता ‘अनोळखी’ प्रकारचं टोकन द्यावं.

त्रास देणारं असर्शनच काढून टाकलं तर?

नका काढू. ते तुमच्या बाजूने बोलतंय. असर्शन कंपायलर लिहिणाऱ्याच्या चुकीसाठी असतं, प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या चुकीसाठी एरर संदेश. एखादं असर्शन वापरणाऱ्याच्या चुकीच्या कोडमुळे फेल होत असेल, तर एक तर वर कुठेतरी तपासणी राहिली आहे, किंवा ते असर्शन म्हणजे एरर असायला हवी होती. कोणतं ते ठरवल्याशिवाय हात लावू नका.

टेस्ट कशी लिहायची?

दुरुस्तीच्या आधी लिहा आणि ती पडते हे डोळ्यांनी पाहा. ‘क्रॅश होत नाही’ एवढंच तपासणारी टेस्ट अपुरी आहे. कोणत्या ओळीवर कोणती एरर यायला हवी तेही तिने तपासावं. क्लँगमध्ये अपेक्षित एरर टेस्ट फाईलमध्येच कमेंटच्या रूपात लिहिता येतात, आणि जास्तीची एक जरी आली तरी टेस्ट फेल होते. सी-रिड्यूसने उरवलेली निरर्थक नावं हाताने बदला. बंद कंस नाही, नाव नाही, स्वल्पविरामावरच फाईल संपली, अशी आजूबाजूची रूपंही जोडा. दुसरा क्रॅश बऱ्याचदा तिथेच दडलेला असतो.

८ जीबीचा लॅपटॉप, मोबाईलचं नेट, आणि लाईटचा भरवसा नाही. एलएलव्हीएम (क्लँग ज्याचा भाग आहे तो प्रोजेक्ट) बिल्ड होईल का?

होईल, पण पहिल्या दिवशी बिल्डच्या मागे लागू नका. ‘कंपायलर एक्सप्लोरर’ ही वेबसाइट मोबाईलवरही उघडते. मॅट गॉडबोल्ट यांनी ती २०१२ मध्ये सुरू केली, म्हणून तिला गॉडबोल्टच म्हणतात. तिथे जीसीसी आणि क्लँगच्या कितीतरी आवृत्त्या आहेत, असर्शन चालू असलेलं ताजं क्लँगही आहे. क्रॅश अजून आहे का आणि कोणत्या आवृत्तीपासून आला, हे तिथे बसल्या जागी कळतं. क्लँग पडताना पार्सर कोणत्या टोकनवर उभा होता आणि कोणत्या फंक्शनचं शरीर वाचत होता, हेही छापतं. ते आधी वाचा, निम्मा शोध तिथेच लागतो.

बिल्ड करायचंच ठरलं तर : पूर्ण इतिहास न उतरवता फक्त शेवटची कमिट घ्या. डीबग बिल्ड टाळा, ते डिस्क आणि मेमरी दोन्ही खातं. रिलीज बिल्ड घेऊन असर्शन चालू ठेवा. प्रोजेक्टमध्ये फक्त क्लँग, टार्गेटमध्ये फक्त एक्स-८६ (इंटेल-एएमडीचे प्रोसेसर). लिंक करणारी (तुकडे जोडून एक प्रोग्राम बनवणारी) कामं एका वेळी एकच चालतील असं सांगा, कारण ८ जीबीची मेमरी भरते ती लिंकच्या वेळी. सीकॅश बसवा, ते आधी कंपाइल झालेलं जपून ठेवतं.

निन्जा हे बिल्ड चालवणारं अवजार अर्धवट राहिलेलं बिल्ड पुढे चालू करतं, त्यामुळे लाईट गेली तरी सगळं पाण्यात जात नाही. मात्र मशीन एकदम बंद पडली असेल आणि नंतर लिंकमध्ये विचित्र एरर येत असेल, तर शून्य आकाराच्या ऑब्जेक्ट फाईली शोधून पुसा आणि पुन्हा चालवा. उन्हाळ्यात, विशेषतः नवतपात, बिल्ड पहाटे लावा. चंद्रपूर-वर्ध्याकडच्या ४५ अंशांत दुपारी लॅपटॉप तापून स्वतःचा वेग कमी करतो, आणि तेच काम कितीतरी लांबतं.

शिकायला सुरुवात करायला असे बग सापडतील कुठे?

एलएलव्हीएमच्या गिटहबवर ‘क्रॅश-ऑन-इनव्हॅलिड’ हे लेबल शोधा. जीसीसीच्या बगझिलात ‘आइस-ऑन-इनव्हॅलिड-कोड’ हा कीवर्ड आहे (आइस म्हणजे इंटर्नल कंपायलर एरर). रस्टमध्ये ‘आय-आइस’ लेबल. छोटं उदाहरण दिलेला, कुणी हाती न घेतलेला आणि ताजा बग निवडा. आधी तो आजच्या आवृत्तीवर अजून पडतो का ते पाहा. बरेचसे दुसऱ्याच कुठल्या दुरुस्तीत बरे झालेले असतात. ‘हा आता पडत नाही, ही टेस्ट जोडतो’ असं म्हणणंही खरं योगदान आहे.

हा सुरक्षेचा बग धरतात का?

सहसा नाही. जीसीसी आणि एलएलव्हीएम दोन्हीकडे चुकीच्या कोडवर कंपायलर पडणं हा साधा बग मानतात. तुम्ही अनोळखी लोकांचा कोड सर्व्हरवर कंपाइल करत असाल तर कंपायलरला सँडबॉक्समध्ये (बाकी मशीनपासून तोडलेल्या बंदिस्त जागेत) चालवणं ही तुमची जबाबदारी.

इंग्रजी कच्ची आहे. दुरुस्ती पाठवू कशी?

पाठवा. चार वाक्यं पुरतात : कोणत्या कोडवर पडत होतं, आतला कोणता शब्द मोडला, तुम्ही कुठे बदल केला, कोणती टेस्ट जोडली. सुंदर इंग्रजी कुणी मागत नाही, ‘जिथे पडलं तिथे नल चेक का नाही टाकला’ याचं उत्तर मात्र मागतात, आणि ते तुमच्याकडे असलं की वाक्य मोडकं असलं तरी चालतं. एलएलव्हीएम सप्टेंबर २०२३ पासून गिटहबच्या पुल रिक्वेस्टवर (‘माझा बदल घ्या’ या विनंतीवर) काम करतं. जीसीसीकडे पॅच ईमेलने पाठवण्याची पद्धत आहे, तिथे साधा मजकूर पाठवा, सजवलेला मेल नको.

आठवडाभर उत्तर आलं नाही तर नम्रपणे एक ओळ लिहून आठवण करा. तिकडे तपासणारे लोक थोडे आहेत आणि रांग मोठी आहे. बदल सुचवले तर प्रत्येक सूचनेखाली काय केलं ते लिहा. पटली नाही तर का पटली नाही तेही लिहा. टेस्ट मात्र प्रत्येक बदलानंतर पुन्हा चालवून मगच पाठवा, पार्सरच्या फोल्डरमधल्या सगळ्या, फक्त तुमची नाही.